वातीएवढी धार

नेपरव्हिलमधल्या माझ्या घराचे नळ हिवाळ्यासाठी मी स्वतः तयार करते. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इंजिनिअर झाले, पण पाना हातात धरायला कधी लाजले नाही. झाडांची पानं गळायला लागली की बागेची नळी सोडवायची, झटकून गॅरेजमध्ये टांगायची. बाहेरच्या नळाचं पाणी बेसमेंटमधल्या कॉकनं तोडायचं, मग बाहेर जाऊन नळात उरलंसुरलं असेल ते काढून टाकायचं. बेसमेंटमधल्या उघड्या पाइपांवर फोमची वेष्टणं चढवायची. त्या वर्षी आई लातूरहून आली होती. जिन्यावर बसून बघत होती.

"पाइपाला स्वेटर घालायलीस का गं?" म्हणाली.

घराचं एकच दुखणं आहे. स्वयंपाकघरातलं सिंक उत्तरेच्या भिंतीला आहे, आणि पाइप त्याच भिंतीतून येतो. कडाका पडला की सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. आणि नळातून बारीक धार चालू ठेवायची. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. गोठलं तर पाइप फुटायची भीती, आणि फुटलेलं कळतं ते बर्फ वितळल्यावर, भिंतीतून पाणी यायला लागलं की.

जानेवारीत तसा कडाका आला. मी दारं उघडली, धार सोडली आणि आईला बजावलं, "याला हात लावू नकोस हं."

सकाळी चहाचं आधण ठेवायला गेले तर नळ कोरडा. कपाटाची दारं नीटनेटकी बंद. माझी लेक शाळेच्या गडबडीत होती. "मॉम, आय डिडन्ट टच इट!" म्हणाली, आणि मग वळून बघितलं. "आजी, यू टर्न्ड इट ऑफ?"

आईला इंग्रजी येत नाही, पण प्रश्न बरोबर पोचला.

"वाहत होतं की गं ते," ती म्हणाली. "चांगलं पिण्याचं पाणी. तो आवाज ऐकत कसं पडून राहावं माणसानं?"

मला रागावताच येईना. लातूरला आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. ज्याला चाहूल लागेल त्यानं ओरडायचं, "पाणी आलं!", की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. माझी परीक्षा असली की आई मला पुस्तकावरून उठू द्यायची नाही. माझ्या वाटच्या घागरी तिनं वाहिल्या. माझी डिग्री त्या घागरींवर उभी आहे.

लेक शाळेच्या बसकडे गेली. मी सिंकखाली टॉवेल अंथरले, बादली ठेवली, नळ उघडा सोडला आणि हेअर ड्रायर घेऊन बसले.

"फुटला का गं?" आईनं विचारलं.

"आताच नाही कळायचं."

ती पाडव्यापर्यंत राहणार होती. आता म्हणाली, "मला तिकीट काढून दे. तुमच्या इथलं मला काही कळत नाही. उगी नुकसान करायले मी."

"आई, मदत कर, मग बघू तिकिटाचं."

ती उठून शेगडीकडे गेली. मला वाटलं, रुसली. थोड्या वेळानं परत आली ती फडक्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन. तव्यावर तापवलेलं मीठ. माझा कान ठणकायला लागला की अशीच द्यायची.

"सरक," म्हणाली. "गारठा बाधलाय त्याला. शेक लागंल."

दुखरे गुडघे सावरत ती सिंकसमोर बसली आणि पाइपावर पुरचुंडी फिरवायला लागली, हळूहळू, लेकराच्या पाठीवरून फिरवावी तशी. मी ड्रायर धरला होता. पुरचुंडी निवली की मी ती तव्यावर टेकवून आणायची.

मग नळ खोकला. पुन्हा खोकला. फुर्रकन थोडं पाणी उडालं, आणि धार लागली. मी पाइप चाचपला, भिंतीवर तळवा फिरवला. सगळं कोरडं. फुटला नव्हता.

आईला पटकन उठता येईना. तिनं बसल्या जागी मान वर केली आणि खच्चून ओरडली, "पाणी आलं!"

आणि मी खरंच पातेलं घेऊन धावले.

थंडी काही हटली नव्हती. संध्याकाळी आईनं स्वतःच कपाटाची दारं उघडली आणि नळाशी उभी राहिली.

"केवढी धार ठेवू?"

"समईच्या वातीएवढी."

तिनं मनासारखी होईपर्यंत धार जुळवली आणि खाली पातेलं ठेवलं. "आता वाया नाही जायचं," म्हणाली.

सकाळी ओट्यावर भांड्यांची रांग, सगळी काठोकाठ. एकात मटकी भिजत होती. लेक डोळे चोळत आली. "आजी, व्हाय सो मेनी?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग तिला, पाडव्यापर्यंत पुरवायचंय."