शून्याच्या तिकिटावर निपाणी, आणि तिथं गप्प बसलेला आमचा क्यूआर कोड

सगळ्यांत आधी आली ती शांतव्वा, आणि तिला तर कुणी बोलावलंच नव्हतं. सकाळी सात वाजता मी केस विंचरत होते, तर ही दारात उभी. काठाची साडी, हातात डबा, पायात चप्पल, म्हणजे आता ही माघारी जात नाही हे मी ओळखलं. "नानू बर्तीनि," म्हणाली, मी पण येते. शांतव्वा आमची शेजारीण, भिंतीला भिंत. चाळीस वर्षं ती माझ्याशी कानडी बोलते आणि मी तिच्याशी मराठी, त्यामुळं आजवर आमचं भांडणसुद्धा नीट झालेलं नाही. आम्ही निपाणीला निघालोय हे तिला कसं कळलं ते विचारू नका. आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते भिंतीपलीकडं पोचलं असणार.

झालं होतं असं. माझी सून मंगल कांदा-लसूण मसाला करते. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी, आणि प्रमाण माझं. विक्रीचं बघते माझी नात ऐश्वर्या, आमची ऐशू. तिनं चार दुकानांत एकेक लहान मांडणी ठेवलीय, वर पुठ्ठ्याची पाटी, आणि पाटीवर तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. त्याच्यावर फोन धरला की मी दिसते. आमच्या चुलीपुढं बसून आमटीला किती मसाला, झुणक्याला किती, ते सांगते. खाली मागवायचं बटण. लोकांना वाटतं चौकोन म्हणजे पैसे भरायचाच, म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "पैसे जात नाहीत, आज्जी बोलते." ती ओळ माझी. माझी शाळा चौथीत सुटली, पण ही ओळ घातल्यापासून बघणारे वाढले असं ऐशूच सांगते.

आता खरी गंमत. चौकोन दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येक दुकानाचा वेगळा. त्यामुळं कुठल्या दुकानात, कुठल्या दिवशी, किती जणांनी बघितलं ते ऐशूच्या फोनमध्ये येतं. कुणी बघितलं ते कळत नाही, किती ते कळतं. आणि निपाणीचा चौकोन दोन आठवडे झाले गप्प. एकसुद्धा माणूस नाही. मंगल म्हणाली, "आत्ती, निपाणीची मांडणी काढू या. संकेश्वरचा हॉटेलवाला जागा देतोय, तिथं ठेवू." ती चुकीचं बोलत नव्हती. पण निपाणीत मांडणी ठेवायचा हट्ट माझा होता. माझं माहेर बोरगाव, निपाणीच्या पलीकडं. माझ्या माहेरच्या लोकांना तिखट कळतं, असं मी सगळ्यांपुढं छातीवर हात ठेवून सांगितलेलं. म्हटलं, मंगल, एक दिवस दे. मी जाऊन बघते. कारण सापडलं नाही तर मांडणी मी स्वतः बसमधनं मांडीवर घेऊन येईन. ती म्हणाली, बरं.

पिरनवाडीतनं सिटी बस धरून आम्ही तिघी आधी खडेबाजारला. तुम्हाला जायचं असेल तर दहाच्या आत जा, नंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते. मी माहेरासाठी अर्धा किलो कुंदा घेतला. बेळगावची बाई कुंद्याशिवाय माहेरी गेली तर भावजय तोंडावर काही बोलत नाही, पण भाकरी थापताना आवाज जास्त करते. ऐशू छापखान्यातनं एक नवी पाटी घेऊन आली. संकेश्वरची. मंगलनं छापायला टाकलेलीच होती. मी ती पिशवीत पालथी घातली, तोंड खाली करून. पुठ्ठ्यावर राग काढू नये हे मला कळतं, तरी घातली.

बसचं नीट सांगते, कारण ह्यात लई जण फसतात. बेळगाव स्टँडवर कोल्हापूरची गाडी आधी लागते, तिच्यात चढू नका, ती राज्याबाहेर जाते, तिकीट पडतं. निपाणीपर्यंतच जाणारी लाल गाडी धरा. बाईमाणसाला ती फुकट, फक्त आपल्या राज्याचं आधार कार्ड जवळ पाहिजे. माझी पुण्याची नणंद एकदा आलती, तिचं कार्ड तिकडचं, तिला पूर्ण पैसे भरावे लागले. ते दुःख ती अजून सांगते. खिडकी पाहिजे असेल तर डावीकडं बसा, सकाळचं ऊन उजवीकडनं येतं.

कंडक्टरनं तीन तिकिटं फाडली, त्यांच्यावर रुपये शून्य. शांतव्वा दरवेळी विचारते ते तिनं परत विचारलं, पैसे घ्यायचे नाहीत तर कागद कशाला वाया घालवतोस. कंडक्टर तरुण होता, पण शांत डोक्याचा. म्हणाला, "आक्का, किती बायका बसल्या ते वर कळाय पायजे की. तिकीट न्हाय फाडलं, तर तुम्ही गाडीत न्हवताच."

ऐशू हसायला लागली. म्हणाली, आज्जी, आपल्या कोडचं पण हेच. पैसे नाहीत, नुसती मोजणी. मला तोवर एवढं लख्ख कळलं नव्हतं. शून्याचं तिकीट. मी ते चोळीत ठेवलं.

यमकनमर्डी, हत्तरगी गेलं. रस्त्याचं काम चालू आहे, गाडी मधेच खाली उतरते, परत वर चढते, पोट भरलेलं असेल तर जपून. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून असे चालले होते की जशी काय वरातच. शांतव्वानं डबा उघडला, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. ऐशूनं मला फोन दाखवला. प्रत्येक दिवसाची एक उभी काडी, जितके बघणारे तितकी उंच. आमच्या चार दुकानांत निपाणीच्या काड्या पहिल्यांदा सगळ्यांत उंच, खडेबाजारापेक्षासुद्धा. आणि मग एका दिवशी एकदम सपाट.

ऐशू म्हणाली, लोक कंटाळले तर काडी हळूहळू उतरते, अशी एकदम पडत नाही. तो दिवस कुठला म्हणून विचारलं. ती म्हणाली, तू शांतव्वाच्या भावाच्या शेतात पुरणाचे कडबू खाल्लेस तो. शांतव्वा लगेच म्हणाली चार खाल्लेस. तीन खाल्ले होते. चौथा मी तिच्या भावाच्या नातवाला दिला, पण ते ती धरत नाही.

संकेश्वरला गाडी थांबली. मिरचीचा वास खिडकीतनं आत आला आणि मंगलची आठवण झाली. ऐशूनं बोटानं ते हॉटेल दाखवलं. चांगलं होतं, बाहेर गाड्या लागलेल्या. मी बघून घेतलं आणि दुसरीकडं बघितलं.

निपाणी आली हे डोळ्यांआधी नाकाला कळतं. तंबाखूचा वास. मी दोन शिंका दिल्या, माहेरच्या शिंका. स्टँडबाहेर कटवडा खाल्ला, पंचवीस रुपये, कट परत मागितला तर परत देतात, लाजू नका.

बाळूअण्णांचं किराणा दुकान स्टँडपासून चालत दहा मिनिटं. बाळूअण्णा म्हणजे माणूस लोण्याचा. आम्हाला बघून ओशाळला. मग हळूच सांगितलं की लोक येतात, पाटीपुढं फोन धरतात, काहीच होत नाही, आणि निघून जातात. "मला वाटलं तुमचंच काय तर बंद पडलंय, म्हणून बोललो न्हाय, आज्जी. उगंच तुमचं मन कशाला दुखवायचं."

म्हणजे माणसं येत होती. त्यांचं तिकीट फाटत नव्हतं.

ऐशू पाटीजवळ गेली आणि थांबली. मीही गेले. आमच्या चौकोनात तीन कोपऱ्यांत तीन मोठी घरं असतात, तुम्हीही बघितली असतील, फोन आधी तीच शोधतो म्हणे. त्या तिन्ही घरांत ओलं हळदी-कुंकू, बोटानं दाबून भरलेलं. इतकं नेटकं की जणू छापणाऱ्यानंच जागा सोडली होती. खाली दोन अक्षता चिकटलेल्या.

ऐशूनं पर्समधनं ओला रुमाल काढला आणि हात वर केला. तेवढ्यात आतनं एक म्हातारी आली, बाळूअण्णांची आई, आक्काताई. माझ्याच वयाची, हाडं माझ्यापेक्षा चांगली. तिनं ऐशूचं मनगट धरलं.

"कुंकू पुसतीस व्हय गं पोरी?"

साखर मोजणारा बाळूअण्णा हातातलं माप तसंच धरून राहिला. ऐशूचा चेहरा पडला. तिला पुसायचं होतं ते पुठ्ठ्यावरचं, पण आपल्यात कुंकू पुसतात ते कधी, हे तिलाही कळतं की.

आक्काताईनं मग सांगितलं, रागानं नाही, भीतीनं. ह्या दुकानाला दोन वर्षं उतरती कळा होती. ही पाटी लागली आणि लोक आत यायला लागले. फोन धरायचे, हसायचे, आणि जाता जाता चहापत्ती, साबण न्यायचे. तिला वाटलं, हा चौकोन लक्ष्मीचा. म्हणून अमावस्येला गल्ल्याची आणि तराजूची पूजा केली तशी ह्याचीही केली. "तीन घरं रिकामी दिसली, म्हटलं कुंकवाचीच असणार." आणि त्यानंतर गिऱ्हाईक परत कमी झालं, तेव्हा ती आणखी घाबरली आणि रोज त्याच्यावर ताजं कुंकू लावायला लागली.

कडबूचा दिवस म्हणजे येळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. ऐशूनं फोन बघितला. शेवटची मोजणी त्याच दिवशी सकाळी. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आता खरं बोललं तर त्या बाईला कळणार की लेकाचं गिऱ्हाईक तिच्याच बोटानं अडलं. आणि न बोललं तर मांडणी माझ्या मांडीवर.

मी म्हटलं, "आक्काताई, लक्ष्मी बरोबर ओळखलीसा. आता एकदा कुंकू लागल्यावर तिनं दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं व्हय? तिला आत देवापाशी बसवा. दाराला मी दुसरी देते."

आक्काताईनं स्वतःच्या हातानं ती पाटी काढली, पदरात धरली आणि दुकानातल्या देव्हाऱ्यात टेकवली. मी पिशवीतनं पालथी पाटी काढून सुलटी केली. ऐशू माझ्या कानात म्हणाली, आज्जी, हा संकेश्वरचा आहे. म्हटलं, त्याचं काय बारसं झालंय? नाव बदल. तिनं फोनमध्ये संकेश्वर खोडलं आणि निपाणी लिहिलं. एवढंच असतं ते. मला वाटलं होतं परत छापावं लागेल.

पाटी लावली आणि आक्काताईचं बोट करंड्यातनं निघून परत त्या कोपऱ्याकडं निघालं. सवय. मी तिचं बोट धरलं आणि पाटीच्या वरच्या कोऱ्या कडेवर टेकवलं. ऐशूनं पेन काढून त्या टिकल्याभोवती चौकट आखली आणि खाली लिहिलं, "हळदी-कुंकू इथे." आक्काताईला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "मग हे आधीच करायचं न्हाय व्हय, शहाण्यांनो?" म्हणाली. तिच्या हसण्यात मला दिसलं की तिला सगळं कळलेलं आहे.

पहिला बघणारा एक मास्तर होता, पोहे घ्यायला आलेला. त्यानं फोन धरला आणि दुकानात माझाच आवाज घुमला, मसाला फोडणीत करपू देऊ नका. त्यानं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चष्मा काढून परत बघितलं. शेवटी म्हणाला, आज्जी, तुम्ही हितंच उभ्या हाय की, मग फोन कशाला. मसाल्याची दोन पाकिटं घेतली. ऐशूच्या फोनवर आकडा पडला, एक.

"टिकेट हरीतु," शांतव्वा म्हणाली. तिकीट फाटलं.

तिथनं बोरगाव वडापच्या जीपनं, माणशी तीस रुपये. गुडघे दुखत असतील तर पुढची जागा मागून घ्या. भावानं विचारलं, त्या चौकोनातनं पैसे तर जात न्हाईत न्हवं. पाटीवर तेच लिहिलंय म्हटलं, तर म्हणाला, लिहिल्यालं सगळं खरं असतंय व्हय. भावजयीनं कुंदा उघडला, शांतव्वाला आधी दिला. गरम भाकरी, वांगं आणि आमचाच मसाला. आवाज न करता थापलेल्या भाकऱ्या.

पाचच्या गाडीनं परत निघालो, मांडीवर मांडणी नव्हती, भावानं दिलेली शेंगांची पिशवी होती. शांतव्वा माझ्या खांद्यावर झोपली. घरी मंगलनं ताटं वाढून ठेवलेली. आकडे तिच्याही फोनवर येतात, त्यामुळं सांगायला काही उरलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आत्ती, संकेश्वरला दुसरी पाटी छापायला टाकू? कुंकवाच्या चौकटीची?" आता संकेश्वर धरून पाची दुकानांत तशाच लावल्यात, आणि खडेबाजारात पहिल्याच दिवशी त्या चौकटीत कुणीतरी टिकली चिकटवली.

तुम्ही धंदा करत असाल आणि तुमचाही असा एखादा कोड एकदम गप्प बसला, तर उठून जाऊन बघा. फोनला किती ते कळतं. का ते विचारायला बसनं जावं लागतं. ते शून्याचं तिकीट मी देवाच्या डब्यात ठेवलंय, मंगल फेकते म्हणते, मी देत नाही.

निपाणीची काडी परत सगळ्यांत उंच झालीय. काल बाळूअण्णांचा फोन आलता, आक्काताईला मसाला कांडपाच्या डंकावर कुटताना बघायचाय. मी आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरही एक पाटी लावून ठेवलीय, तिची चौकट अजून कोरी आहे, कुणाला हात लावू दिला नाही. दोघं माय-लेक येत्या रविवारी येतो म्हणालेत.