वालाच्या रानातलं जाकीट

आमच्याकडे थंडी पडते म्हटलं की कल्याणचे पाहुणे हसतात. "ठाणे जिल्ह्यात कसली आलीय थंडी?" अरे, जानेवारीत पहाटे सव्वापाचला सायकलवर बसा, किन्हवलीकडून शहापूरचा रस्ता धरा आणि ओढ्याकाठच्या उतारावर सायकल सोडून बघा. कान जागेवर आहेत का ते हाताने चाचपावं लागतं, आणि बोटं इतकी बधिर की त्यांना कान कळत नाहीत. मी वीस वर्षं हे करतोय. माझी पाळी सकाळची, आणि पहिली एसटी येते तोवर कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला असतो. तेव्हा मला थंडी कुणी शिकवू नये.

त्या वर्षी मात्र प्रश्न माझा नव्हता, लेकीचा होता. तिला शहापूरला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती. आमच्या घरात एवढं शिकणारी ती पहिली. तास साडेसातला, म्हणजे तिलाही सव्वासहाला सायकल काढावी लागे, माझ्यानंतर तासाभराने. दिवाळीपर्यंत ठीक चाललं. डिसेंबर लागला आणि तिची छाती वाजायला लागली. लहानपणापासून तिला दमा. गार वारा आत गेला की घरघर सुरू. बायको एक दिवस निर्वाणीचं बोलली, "पोरीला घरी बसवा. जीव ऱ्हायला तर कोर्स." आणि कोर्सवाल्यांनी आधीच बजावलेलं, हजेरी कमी भरली तर नाव कापणार. पोरगी तोंडावर पांघरूण घेऊन खोकायची, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मी ठरवलं, हिला असं झाकून पाठवायचं की वाऱ्याला शिरायला फट सापडता कामा नये.

पहिली चूक बायकोने केली. आत सुती बनियन, त्यावर जाडजूड लोकरी स्वेटर, त्यावर माझं रेक्झिनचं जाकीट. पोरगी चढाला घामाने निथळली, उतारावर तोच घाम गार पडला, आणि संध्याकाळी खाटेवर बसून एकेक श्वास ओढत होती. मी भडकलो. "अगं, चढावर घाम येणार एवढं कळत नाय तुला? सुती कापड घाम धरून बसतं! ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलंस पोरीला."

बायको काय कमी आहे! "एवढी अक्कल होती तर सकाळी उठून तुमीच घालायचे होते तिचे कपडे."

मग मी सगळं हातात घेतलं. आत खेळाडू घालतात तो लगेच सुकणारा टी-शर्ट. त्यावर पातळ स्वेटर. स्वेटरच्या आत, छातीवर, वर्तमानपत्राची घडी, पेपरवाले आणि दूधवाले ठेवतात तशी. कानाला पट्टी, हाताला मोजे. आणि नियम एकच, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर चढावर उकडणार. "बाबा, मी हलले की भेळेच्या पुड्यासारखा आवाज येतो," लेक कुरकुरली. येऊ दे म्हटलं, छाती शाबूत राहिली म्हणजे झालं.

उरलं वरचं जाकीट. वारा अडवेल पण घामाला कोंडून ठेवणार नाही असं. शहापूरची सगळी दुकानं पालथी घातली, मुरबाडला जाऊन आलो. जिकडेतिकडे गाद्यांसारखी गुबगुबीत जाकिटं, नाहीतर चकचकीत रेनकोट. माझी परीक्षा सोपी होती. कापड तोंडाला लावायचं आणि जोरात फुंकायचं. फुंकर आरपार गेली तर वाराही आत येणार. मुरबाडचा दुकानदार वैतागला, म्हणाला, "काका, जाकीट घ्यायचंय का पिपाणी?" त्याला दोन शब्द सुनावले आणि हात हलवत घरी आलो.

आणि गंमत बघा, मला हवं तसं जाकीट मी रोज पहाटे बघत होतो.

शहापूरच्या वाटेवर एक वळण आहे. वळण संपतं तिथे ओढ्यावर मोरी. आता तिला कठडे बांधलेत; तेव्हा ते पुरात वाहून गेलेले होते, आणि खाली बंधाऱ्याचं पाणी तुंबलेलं, माणूस बुडेल एवढं. वळणाच्या कडेला वालाचं रान आणि त्या रानात बुजगावणं. बाकीची बुजगावणी फाटक्या सदऱ्यात असतात. याच्या अंगात पोपटी जाकीट, अस्सल सायकलवाल्यांचं. पाठीकडून लांब, गळा उंच, काखेत चेन, छातीवर चकाकणारा पट्टा. माझ्या सायकलचा दिवा त्यावर पडला की धुक्यात नुसता पट्टा पेटायचा. डोकं नाही, हात नाहीत, हवेत लोंबणारी एक पांढरी रेघ.

ते कुणाचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रानाची मालकीण म्हातारी एकटीच राहायची. तिचा एकुलता एक लेक मागच्या थंडीत त्याच मोरीवरून सायकलसकट पाण्यात गेला. धुक्यात कड दिसली नाही. तो हायवेच्या ढाब्यावर कामाला होता, आणि तिथे थांबणाऱ्या मुंबईच्या कुणा सायकलवाल्याने त्याला ते जाकीट दिलं होतं. मयताचे कपडे आमच्याकडे शिवेबाहेर टाकतात. म्हातारीने ते बुजगावण्याला घातलं, म्हणून लोक तिच्यावर चिडून होते. वर म्हणायचे, ते बुजगावणं चालतं. आमच्या पाळीचे दोघे-तिघे त्या वळणावर सायकलवरून उतरून खाली मान घालून जायचे. मी त्यांची टर उडवायचो. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातून भुतंखेतं बाहेर गेली, मला कसली भीती!

पण ते चालत होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला ते रानाच्या मधोमध होतं, पलीकडच्या पळसाच्या सरळ रेषेत. आठवड्याने पळसाच्या बरंच अलीकडे. म्हटलं, आपलीच नजर फसली असेल. म्हणून एकदा उतरून बांधापासून पावलं मोजली. अठरा भरली. चार दिवसांनी पुन्हा मोजली, तर अकरा. मोजत असताना माझ्या पाठीमागे वाल सळसळला, आणि वारा तर अजिबात नव्हता. त्या पहाटे शहापूर येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. नाताळच्या सुमारास ते बांधावर आलं. जानेवारीत बांध ओलांडून रस्त्याच्या कडेला, हात पसरून, मोरीकडे पाठ आणि येणाऱ्याकडे तोंड. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझीच टर उडाली असती. फक्त त्या वळणावर माझा हात आपोआप ब्रेकवर जायचा आणि मोरी ओलांडेपर्यंत मी पायी चालायचो. चेन सैल झालीय, असं स्वतःलाच सांगत.

मग एका संध्याकाळी पोरीला इतका दम लागला की बायकोने तिची सायकल साखळीने खांबाला बांधली आणि किल्ली कमरेला खोचली. "सोमवारपास्नं ती जात नाय. संपला विषय." लेक रडली नाही, भांडली नाही, गुपचूप पुस्तकं आवरायला लागली. ते मला बघवेना.

शनिवारी ओव्हरटाइम करून परतत होतो. दिवस मावळत होता. वळणावर सायकल उभी केली. आसपास कुणी नव्हतं. जाकिटाला तोंड लावून फुंकलं, आणि फुंकर माझ्याच गालावर परत आली. म्हटलं, काठीला कसली ऊब आणि मेलेल्याला कसली थंडी! चेन ओढली. आत पेंढा, आणि पेंढ्याच्या पुढे, छातीवर, वर्तमानपत्राची घडी. पिवळी पडलेली, छातीच्या गोलाईला वळलेली. म्हातारीनेच ठेवलेली असणार, लेकाला रोज देत असेल तशी. माझं अवसानच गेलं. तरी मी ती घडी पेंढ्यात खोचली आणि बाह्या ओढल्या. त्या काठीत अडकल्या, आणि मला वाटलं पलीकडून कुणीतरी धरून ठेवलंय. हिसका मारून काढल्या. खोटं कशाला बोलू, जाकीट काखोटीला मारून पळालो तिथून.

घरी सांगितलं, जुन्या बाजारातून आणलं. बायको त्या वाटेला जात नसे, आणि लेक त्या वळणावर घाबरून खाली मान घालून सायकल ढकलायची, म्हणून कुणी ते ओळखलं नाही. बायकोने गरम पाण्यात धुतलं. ते कापड सकाळपर्यंत सुकलंही. रविवारी पहाटे मी स्वतः लेकीला घेऊन उलट्या बाजूच्या खिंडीपर्यंत सायकलने चढून आलो. वर पोचल्यावर तिने मोठा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. घरघर नाही. "बाबा, वाराच लागत नाय!" ती हसली तेव्हा मला वाटलं, चोरी तर चोरी. बायकोने किल्ली काढून दिली.

सोमवारी पहाटे धुकं असं की दिव्याचा उजेड चार हातांवर विरत होता. वळण आलं. आता तिथे नुसती काठी असेल, बघायचंच नाही, असं घोकत होतो. पण बुजगावणं होतं. कडेला नाही, रस्त्यात. जाकीट नाही, पट्टा नाही, नुसते पसरलेले हात. मी ब्रेक दाबला, सायकल घसरली, आणि ते खोकलं.

माझी बोबडी वळली.

"हळू रे बाबा," ते म्हणालं. "फुडं मोरी हाय."

म्हातारी होती ती. डोक्यावरून घोंगडी, दोन्ही हात आडवे, थंडीने लटलट कापत होती. "बुजगावन्याचं जाकीट कोनी नेलं रे," ती म्हणाली. "वाजत असंल कोनाला थंडी, नेलं. पन नुसती काठी धुक्यात दिसत नाय. धुकं वाढलं तसं मी त्याला फुडं फुडं आनत व्हते, लोकांनी हळू व्हावं म्हनून. आता कालपास्नं मीच उभी ऱ्हाते. उजाडलं की जाते घरात."

सायकल ढकलत मोरी ओलांडली आणि पायडल मारत सुटलो. इतके दिवस त्या पट्ट्याला घाबरून मी सायकलवरून उतरत होतो आणि म्हणून जिवंत कामावर पोचत होतो. एवढी साधी गोष्ट टाळक्यात शिरायला शहापूर यावं लागलं. मग दुसरी शिरली आणि मी सायकल थांबवली. थोड्या वेळाने त्याच वळणावर, धुक्यातून, सायकलवर, तिच्या मेलेल्या लेकाचं जाकीट येणार होतं, आणि ती रस्त्यात हात पसरून उभी होती. म्हातारीचं काळीज बंद पडलं तर? माझी पोर दचकून मोरीखाली गेली तर?

फोन लावला. नुसता वाजत राहिला. सायकल चालवताना फोन उचलायचा नाही, हे मीच तिला दटावलेलं. सायकल फिरवली. पाळी गेली खड्ड्यात! जन्मात कधी हाणली नव्हती तशी सायकल हाणली. घामाने चिंब झालो, तोच घाम वाऱ्याने बर्फ झाला, कशाची शुद्ध नव्हती. मोरीजवळ आलो तर धुक्यापलीकडून आवाज येत होता. रडणं नव्हे, किंचाळणं नव्हे.

"कोरडं हाय. कोरडं हाय. कोरडं हाय गो."

लेक सायकल धरून उभी होती, भेदरलेली. म्हातारी तिच्या बाह्या चाचपत होती, मनगटापासून खांद्यापर्यंत. मग पाठ. मग छाती, जिथे आतलं वर्तमानपत्र चुरचुरलं. तिथे तिचा हात थांबला. तिचा लेक पाण्यातून बाहेर काढला तेव्हा हेच जाकीट तिने पाण्याने जड झालेलं चाचपलं असणार, हे मला तिचे हात बघून कळलं.

"कोनी आनलं गो तुला हे?" तिने विचारलं.

"बाबांनी," माझी पोर म्हणाली, आणि मला पाहून तिला धीर आला. "ते बघा, आलेच. मला दमा हाय ना, आजी. बाबांनी सगळे बाजार पालथे घातले माझ्यासाठी."

अभिमानाने म्हणाली हो ती. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे वळली, चेन गळ्यापर्यंत ओढली, कॉलर नीट केली. "पारखून आनलंय तुझ्या बापानं," ती म्हणाली. "जा आता. पन मोरी चालत जा."

लेक धुक्यात दिसेनाशी झाली. म्हातारी परत जागेवर गेली आणि हात पसरून उभी राहिली. शिव्या घातल्या असत्या तर सोसवल्या असत्या. मी तिच्या पुढ्यात गेलो. "काकी, मी चोर हाय."

"म्हाईत हाय."

"तुमी घरात जा. मी उभा ऱ्हातो."

तिने मला खालून वर पाहिलं. अंगावरची घोंगडी काढून माझ्या भिजल्या पाठीवर टाकली. मी हात पसरले.

"तसं नाय," ती म्हणाली, आणि माझी दोन्ही कोपरं धरून वर उचलली. "अजून लांब कर. माझ्या पोराला दिसलं असतं एवढं लांब कर."