मामांची मुदत

युद्ध सुरू झालं तेव्हा खारकिव्हच्या स्टेशनवर माझ्या नवऱ्याने, आंद्रीने, आम्हाला गाडीत चढवलं आणि स्वतः फलाटावरच थांबला. पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती. त्याने लेकीच्या, सोफियाच्या, बुटाची नाडी बांधली आणि तो मागे सरकला. गाडीत मी, कडेवर लेक आणि सासूबाई. माझ्याबरोबर भारतातून तिथे मेडिकलला गेलेल्या मुली शिकून केव्हाच गावी परतल्या होत्या. मी लग्न करून तिथलीच झाले होते. फोनवर कराडची आई एवढंच म्हणत होती, "जिथे असशील तिथे पोटभर जेव गं."

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला एका निवृत्त शिक्षिकेने वरच्या खोल्या दिल्या. युक्रेनहून आलेल्यांसाठीचा तात्पुरता व्हिसा आम्हा तिघींना मिळाला. सासूबाईंना मी मामा म्हणते, तिकडे आईला तसंच म्हणतात. कराडला याचं अजून हसू येतं. मी परीक्षा देऊन इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर झाले. सोफिया मोडक्या मराठीत 'माझा आजी' म्हणते आणि मामांना काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पत्रं वाचून दाखवते. व्हिसाची मुदत संपली, वाढवून मिळाली, तीही संपत आली.

चर्चच्या हॉलमध्ये मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी शांतपणे समजावलं. ही तात्पुरती वर्षं कायमच्या रहिवासासाठी धरत नाहीत. हॉस्पिटलने स्पॉन्सर केलं तर मला वर्क व्हिसा मिळेल, लेकीचंही होईल, पुढे सेटलमेंट, म्हणजे कायमचा रहिवास. सासूला मात्र डिपेंडंट म्हणून घेता येत नाही. त्यांनी पुन्हा तात्पुरतीच मुदत मागायची. ती किती काळ मिळत राहील, हे बाईंनाही सांगता येईना. भारतात न्यावं म्हटलं, तर तिथेही त्या पाहुण्याच.

हे मामांना त्यांच्या भाषेत मलाच सांगावं लागलं. हातमोजे घालत त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी घ्या. माझं घर आहे तिकडे."

त्या घराचं काय झालंय, ते त्यांनी आणि मी, दोघींनीही फोटोत पाहिलंय.

मी अर्ज केला. सोफियासाठी केला, असं स्वतःला सांगते. मंजुरी आली त्या दिवशी मामांनी बोर्श्त हे बिटाचं सूप केलं आणि शिक्षिकाबाईंनाही जेवायला बोलावलं. रविवारी आंद्रीचा फोन लागला. म्हणाला, "आई तुझ्यापाशी आहे, म्हणून मला इथे काळजी नाही." मला फक्त हो म्हणता आलं.

मामांची मुदत हिवाळ्यात संपते. तोवर संध्याकाळी तिघींचे कोट एकाच दाराआड लटकतात. त्याला मी घर म्हणते, पण मोठ्याने म्हणत नाही.