मामांची दुनळी बंदूक

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि नव्या शहरासाठी माझ्या मामांच्या शेताकडच्या जमिनी मोजल्या जाऊ लागल्या. त्यांचं ते शेवटचंच धान. अंधारून आलं की त्यात रानडुकरं घुसायची. डुकरांना पळवायला मामा वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक काढत आणि हवेत बार करत. परवाना होता. पण जुनी कागदी काडतुसं संपली, म्हणून ते शहरातून नवी, प्लास्टिकची घेऊन आले.

दिवाळीला मी तिथंच होतो. पहिल्या बाराला मामा खांदा धरून मागे सरकले. रिकामं काडतूस निघता निघेना, तेव्हा त्यांनी चाकूनं उचकटून काढलं. मामीनं ते जुन्या रिकाम्या काडतुसाशेजारी धरलं.

"अहो, हे लांब दिसून राहिलं."

"बंदूक बारा बोरची, काडतूस बारा बोरचं. आत बरोबर बसलं ना? मग काहून भेऊन राहिली?"

भरलेलं नवं काडतूस खरंच जुन्याहून लांब दिसत नव्हतं.

दुसऱ्या बाराचा आवाज वेगळाच झाला, पत्रा फाटल्यासारखा. धूर विरला तेव्हा मामा उभेच होते आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. नळी त्यांच्या पकडीतच फुटली होती. दोन बोटं नव्हती.

पुढे बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं मला समजावलं. नव्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते जुन्या बंदुकीत बसतं. बार होताना ते उघडतं. तेवढी जागा आत नसते, छर्ऱ्यांची वाट अडते आणि सगळा जोर नळीवर येतो. ती नळी तर जुन्या, सौम्य दारूसाठी घडवलेली. "बोर एक असून भागत नाही, लांबीही जुळावी लागते," तो म्हणाला.

फुटकी बंदूक ठाण्यात जमा झाली. जमीन गेल्यावर मामा-मामी शहरात राहायला आले.

थंडीत मामांची ती नसलेली बोटं ठणकायची. मामी तेल कोमट करून आणायची आणि हाताच्या पुढे, जिथं काहीच नव्हतं तिथं, हलके हलके चोळायची.

"इथं?"

"अजून थोडं पुढं."

मी बघत बसायचो. मामा डोळे मिटायचे. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखरच उतरायचा, आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

"तू सांगितलं होतं," एकदा ते डोळे न उघडता म्हणाले.

मामी दुसरं बोट चोळू लागली.