जळक्या रानातलं दूध

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही टिळकवाडीत राहत होतो. एक दूधवाली रोज सकाळी डोक्यावर चरवी घेऊन खेड्यातून चालत यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी दीड वर्षांची लेक माझ्या हातून दुधाचा घोटही घेत नसे, पण त्या बाईनं पदराला हात पुसून वाटी धरली की गटागटा प्यायची. मला तिचा फार हेवा वाटायचा. "राहू द्या, मी पाजते," असं मी तुटकपणे म्हणायची. ती नुसती हसायची.

एके दिवशी तिनं चरवी उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"आक्का, आमच्या रानाच्या कडंला भंगारवाला वायरी, टायरी जाळतोय. ती राख गवतावर पडती आन् म्हशी तेच खात्यात. हेच दूध पिऊन माझं रेडकू गेलं. थोरांचं अंग सोसंल, पर बाळाला नगा देऊ."

मी तिचं दूध बंद केलं. ती पुन्हा आली नाही आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. लेक हळूहळू माझ्या हातून दुसरीकडचं दूध प्यायला लागली.

पण माझ्या लेकीची काळजी माझ्याआधी तिनं केली, तीही स्वतःचं गिऱ्हाईक तोडून. आज लेकीला मुलं झाली, तरी त्या बाईचा हेवा मनातून जात नाही.