वर्गात बसवलेली कोंबडी

दुकानातून आणलेली अंडी कोंबडीखाली ठेवून तीन आठवडे पिल्लांची वाट बघणारी बाई कुणी पाहिली नसेल, तर ती मी. वर माझ्याकडे डी.एड.चं प्रमाणपत्र होतं आणि आवाज खणखणीत होता.

हे आज आठवायचं कारण नातीची शाळा. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला की घरातल्या मोठ्यांनी 'स्वतः करून शिकलेल्या' एखाद्या गोष्टीबद्दल लिहावं. सुनेनं मोठ्या विश्वासानं मोबाईल माझ्याकडे सरकवला. बिचारीला माझ्या पहिल्या नोकरीबद्दल काही ठाऊक नाही.

ती नोकरी लागली पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे आत, दोन खोल्यांच्या शाळेत. मी नगरच्या अशा घरातली, जिथे अंड्याचा विषय निघाला तरी आजी चूळ भरायला लावायची. अंडं मी पाहिलेलं पुस्तकात. मधोमध कापलेलं, भागांना बाण काढलेलं. ते सगळे बाण मला पाठ होते, त्यामुळे अंडं या विषयात मी तज्ज्ञ होते.

त्यात तालुक्याला प्रशिक्षण झालं. मुलांना बघू द्या, हाताळू द्या, असं तिथे सांगितलं. मी परत आले ती पेटूनच. दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं, आपण इथे पिल्लं काढणार.

तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमची कोंबडी खुडूक झालीया. नुसती बसून ऱ्हाती, कोनी जवळ गेलं की टोचती. आनू का?"

उबवायला बसायची वेळ आलेली कोंबडी म्हणजे खुडूक, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणाले, "हो, तशीच हवी होती."

तिची एक अट होती. दसरा झाला की तिचे आईवडील ऊसतोडीला निघणार, आणि धाकट्या भावाला सांभाळायला ती त्यांच्याबरोबर. "त्याच्या आदी पिल्लं निगाया पायजेत, बाई. येक मी संगं नेनार. तिकडं मला कोनच नसतं खेळाया."

"एक काय, दोन ने," मी म्हणाले. शब्द द्यायला मला काय लागत होतं.

सकाळी तिची आजी डोईवरच्या पाटीत कोंबडी आणि पदरात अंडी घेऊन आली. अंडी बघून मी खट्टू झाले. लहानमोठी, मातकट, एकाला तर कोंबडीची शिट लागलेली. शाळेत स्वच्छतेचा तक्ता लावलेला, आणि त्याच्याखाली हे? मी गोड बोलून ती परत केली. "आजी, कोंबडी राहू द्या. अंडी मी चांगली आणते."

म्हातारीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "आना की," म्हणाली.

तिसगावच्या बाजारातल्या दुकानातून मी पांढरीशुभ्र, एकसारखी अंडी निवडून घेतली. नगरचं कुणी भेटलं तर, म्हणून पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. वर्गात प्रत्येक अंडं रुमालात धरून कोंबडीखाली सरकवलं, कारण उघड्या हातानं धरायची छाती नव्हती. मग फळ्यावर झोकदार अक्षरात लिहिलं, 'चला, स्वतः करून शिकूया'. त्याच्याखाली लिहिलं, 'कोंबडीला व अंड्यांना हात लावू नये'.

वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कोंबड्या. ती अंड्यांकडे बघायची, मग एकमेकांकडे बघायची. मला वाटायचं, काय हे कुतूहल. ती मुलगी तर रोज काहीतरी बोलायला उठायची. "बाई, ही अंडी..." की मी म्हणायची, "आधी हात वर." तिनं हात वर केला की माझं ठरलेलं, "प्रश्न शेवटी. हात खाली." आणि शेवटी घंटा व्हायची.

पिल्लं निघायच्या सुमाराला मी केंद्रप्रमुखांना मुद्दाम बोलावलं. भाषण पाठ केलेलं. "आता या कवचाआड एक जीव..." असं म्हणत मी रुमालात एक अंडं उचललं आणि ऐटीत जरा दाबलं. ते फुटलं. त्या वासाचं वर्णन मी नातीच्या ग्रुपवर करू शकत नाही. अख्खी शाळा लिंबाखाली पळाली. केंद्रप्रमुख नाकाला रुमाल लावून एवढंच म्हणाले, "बाई, प्रयोग पोचला."

कोंबडी न्यायला आलेली म्हातारी पायरीवर बसून पोट धरधरून हसली. "आवं बाई, दुकानातल्या कोंबड्या पिंजऱ्यातल्या. त्यांनी कोंबडा बगितलाय कुटं? त्या अंड्यात पिल्लू यील कुठनं?"

मी हसले नाही. ती मुलगी कोंबडीच्या रिकाम्या पाटीजवळ उभी होती. दसरा होऊन गेला होता, ऊसतोडीच्या टोळीची बांधाबांध चालली होती, आणि माझ्या एका नाही, दोन पिल्लांच्या शब्दाचा घाण वास वर्गभर पसरला होता. रात्रभर मला तिचंच तोंड दिसत राहिलं.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती धापा टाकत आली. "बाई, चला." कुठे ते सांगेना. हाताला धरून घरी नेलं. ओसरीवर भांडीकुंडी, गोधड्या बांधून ठेवलेल्या. कोपऱ्यात डालग्याखाली दुसरीच कोंबडी. मी परत केलेली मातकट अंडी म्हातारीनं चार दिवसांनी शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. दोन ओली पिल्लं बाहेर येऊन थरथरत होती.

मी रुमाल शोधायला लागले. पोरीनं माझी मूठ उघडली आणि एक गरम अंडं सरळ तळहातावर ठेवलं. "कानाला लावा."

लावलं. आतून टकटक आली, आणि मग अगदी बारीक चिवचिव. पुस्तकातल्या एकाही बाणाला आवाज नव्हता.

पण मी पुन्हा बाईच झाले. दटावून विचारलं, "माझी अंडी चालायची नाहीत हे तुला माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

तिनं एक पिल्लू ओच्यात घेतलं आणि म्हणाली, "सांगतच हुते की, बाई. तुमी म्हनल्या आदी हात वर कर. वर केला, तर म्हनल्या आता खाली कर."