अप्पांच्या टाकीला बांधलेली तार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण हा किस्सा आठवला की मला अजूनही रडूच येतं.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारी परवाना काढायचा, घरी सेट मांडायचा आणि देशभरातल्या आपल्यासारख्याच नादिष्टांशी बोलत बसायचं. त्याच्या स्पर्धाही असतात. ठरलेल्या तासांत जो जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलेल तो जिंकला. सोपं वाटतं ना? डोंबलाचं सोपं! माझ्या बँडला, म्हणजे मी ज्या लहरींवर बोलतो त्यांना, अँटेनाची तार लागते वीस मीटर, म्हणजे पासष्ट फूट. आणि नांदेडातला माझा प्लॉट वीस बाय चाळीस फुटांचा. कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणली तरी वीसेक फूट तार उरतेच. ती काय खिशात ठेवू?

म्हणून मी आखूड तारेवर भागवायचो आणि दरवेळी शेवटून दुसरा यायचो. शेवटून पहिला जो असायचा, त्याचा सेट बहुधा जळालेला असायचा. लातूरचे माझे मित्र बिराजदार मात्र ऐसपैस आवारात तार ताणून कायम पहिल्या दहांत.

यंदा बायकोनं निर्वाणीचं सांगितलं. "अहो, माझ्या शिकवणीची मुलं जिन्यात बसतात अन् एक अख्खी खोली तुमच्या रेडिओच्या पेटीनं अडवलीय. या वेळी पहिल्या दहांत आलात तर खोली तुमची. नाहीतर माझी."

म्हणजे पुऱ्या लांबीची तार हवीच. आणि तिचं दुसरं टोक बांधायला जागा एकच, शेजारच्या अप्पांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी.

अप्पा डाळीचे व्यापारी. सकाळी कपाळाला भस्म लावून दुकानाला निघणारा सरळ माणूस. पण मलाच धास्ती! अँटेना म्हटलं की यांना टॉवर आठवणार, टॉवर म्हटलं की लहरी आठवणार, आणि मग अख्ख्या गल्लीचं डोकं दुखायला लागणार.

"अप्पा, तुमच्या टाकीला एक तार बांधू का?"

"कायची तार हो, सर?"

इथं खरं बोलायला काय झालं होतं मला? पण नाही! "वीज पडू नये म्हणून," मी ठोकून दिलं. मी! आठवीला विज्ञान शिकवणारा माणूस!

"आमच्या घराला बी फायदा हाय का?"

"हाव की! दोन्ही घरांना."

अप्पांनी स्वतः शिडी धरली.

दोन दिवसांत गल्लीभर झालं. ज्याला त्याला तार हवी. तार संपली म्हणून मी सुटका करून घेतली, तर अप्पांच्या सौभाग्यवती अक्का म्हणाल्या, "मग आभाळ आलं की समदे तुमच्याच घरी येतो." मी हसून मान डोलावली. भर एप्रिलात कुठलं आलंय आभाळ?

स्पर्धेचा रविवार उजाडला. काय रंग चढला म्हणून सांगू! ज्याला हाक मारावी तो ओ देत होता. दुपारी खुद्द बिराजदार म्हणाले, "आज काय खाऊन बसले, सर? लई जोरात येऊन राहिले तुमी!" मी मनातल्या मनात खोलीला पडदे लावले.

तेवढ्यात हेडफोनमध्ये कडकड सुरू झाली. रेडिओवाल्याला वीज आधी कानात कळते. अशा वेळी एकच नियम, अँटेनाची केबल सेटमधून उपसायची आणि खिडकीबाहेर फेकायची. नाहीतर तारेवर पडलेली वीज थेट घरात! पण स्पर्धा संपायला एकच तास उरला होता हो. असेल लांब तिकडे अर्धापूरकडे, असं म्हणून मी बोलत राहिलो.

मग खरंच गडगडलं, आणि दार वाजलं.

"सर, आलो बरं का!" पुढे अक्का पापडांची परात घेऊन, मागे दोन सुना, लेकरं, पलीकडच्या घरातली सगळी. अप्पा तर टीव्ही उचलून घेऊन आले! मोजून अकरा जण माझ्या खोलीत, माझ्या तारेच्या आसऱ्याला. मी माईकवर ओरडत होतो.

"सर कोणाशी बोलून राहिले?" अक्कांनी बायकोला विचारलं.

"विजेशी," बायको म्हणाली.

आणि खिडकीत लखकन उजेड पडला! माझं भानच गेलं. मी केबल उपसली, खिडकीबाहेर भिरकावली, पेटी कडेवर घेतली आणि पलीकडच्या खोलीत धूम ठोकली.

पाऊस दहा मिनिटांत सरला. मग अप्पा दारात येऊन उभे राहिले. "सर, वीज आली अन् तुमी तारच काढून फेकली?"

शेवटी सगळं खरं सांगितलं. रेडिओ, स्पर्धा, पासष्ट फूट, सगळं. आतून बायकोचा आवाज आला, "अकरा जण आरामात बसले की हो या खोलीत! शिकवणीला पुरेल." सांगता सांगता वेळ संपून स्पर्धा गेली होती, आता खोलीही गेली.

अप्पांनी मान हलवली. "नायगाव रोडला आपली डाळमिल हाय. दोन उंच खांब, मधी शंभर फूट मोकळं. वर एक खोली रिकामी. रेडिओसाठी पायजे म्हणले असते तर किल्लीच दिली असती."

मी अक्षरशः गयावया केली. "अप्पा, मग आता द्या ना!"

"आता न्हाई."

"खोटं बोललो म्हणून राग आला?"

"राग न्हाई हो, सर. पर मिलमधी माझी माणसं काम करतात. वीज आली तवा अकरा माणसं अन् वहिनी तिथंच राहिल्या. तुमी काय उचलून पळले, ते आमी समद्यांनी बघितलं."

पेटी अजून माझ्या कडेवरच होती.